शाळेच्या परसबागेतील तांबडा भोपळा

तांबडा भोपळा, म्हणजेच कोठे काशीफळ तर कोठे डांगर, खेड्यातील मुलांच्या इतक्या परिचयाचा आहे की, त्याकडे पाठाचा विषय म्हणून पाहण्याचे सहसा कोणास सुचत नाही. वस्तुतः कुंपणाकडेची थोडी जागा, दोन-चार घमेली शेणखत आणि हात धुतल्यावर वाहून जाणारे पाणी एवढ्यावर येणारे व महिनोन्‌महिने टिकणारे असे दुसरे फळ विरळाच. मूळचे हे अमेरिका खंडातील. युरोपीयांच्या समुद्रप्रवासानंतर ते भारतात आले आणि येथलेच होऊन राहिले.

शाळा उघडून पहिला चांगला पाऊस झाला म्हणजे दोन ते अडीच मीटर अंतरावर हातभर लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन त्यांत माती व कुजलेले शेणखत भरावे. प्रत्येक खड्ड्यात तीन बिया बोटाच्या पेराइतक्या खोल लावाव्यात. सुमारे आठवड्यात अंकुर दिसतात. पुढे सशक्त अशी एक-दोन रोपेच राखावीत. कोवळ्या पानांवर तांबडे भुंगेरे पडतात. सकाळी ते मंद असताना वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत.

वेलीवर प्रथम येतात ती बहुधा नरफुले. ती गळून पडतात, आणि वेल वांझ निघाला असे समजून पुष्कळदा तो उपटला जातो. मुलांची दोन महिन्यांची मेहनत अशी केवळ अज्ञानाने वाया जाते. मादीफूल मागाहून येते व त्याच्या बुडाशी चिमुकला भोपळा असतो, हा भेद मुलांना प्रत्यक्ष दाखवावा. फुले पहाटे उमलून दुपारपूर्वी मिटतात. शाळा उशिरा भरत असल्यास मुलांनी ती मिटलेलीच पाहिलेली असतात. पावसाच्या झडीत मधमाश्या फिरकल्या नाहीत, तर चिमुकले फळ पिवळे पडून गळते. अशा वेळी जवळ राहणाऱ्या मुलांनी सकाळी लवकर ताजे नरफूल खुडावे, पाकळ्या काढाव्यात व आतील पराग मादीफुलाच्या मध्यभागी अलगद लावावेत. देठाला दोरा बांधून तारीख टिपून ठेवावी. परागीभवनाचा याहून चांगला पाठ पुस्तकात सापडणार नाही.

लागवडीपासून साधारण १०० ते १२० दिवसांत फळ पक्व होते. देठ वाळला व सालीत नख रुतेनासे झाले, म्हणजे चार बोटे देठ राखून ते कापावे. दिवाळीच्या सुटीत वेलीची देखरेख कोणी करावी, हे आधीच ठरवावे. कोरड्या, हवेशीर जागी फळ दोन-तीन महिने सहज टिकते.

भोपळ्यातील कॅरोटीनपासून शरीरात डोळ्यांना आवश्यक असे अ जीवनसत्त्व तयार होते. मात्र ते अंगी लागण्यास स्निग्ध पदार्थ हवा. म्हणून मेथीदाण्याची फोडणी देऊन थोड्या तेलात भाजी करावी. किसलेला भोपळा गुळासह शिजवून त्यात मावेल तेवढी कणीक मळली की घारगे होतात. फळ कडू लागल्यास मात्र ते टाकून द्यावे. कडूपणा अपायकारक असतो.

शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलासाठी रोज ५० ग्रॅम भाजीचे प्रमाण आहे. तेव्हा चार किलो गराचा एक भोपळा किती मुलांना पुरेल, हे गणित तिसरीच्या वर्गानेच सोडवावे. उत्तर ८० येईल. निघालेल्या बियांपैकी मूठभर वाळवून पुढील वर्षाच्या तिसरीसाठी जपून ठेवाव्यात.