क्षयरोग, कुमारवयातील स्नेह आणि अंतराचा प्रश्न

मित्राच्या असाध्य आजारात कुमारवयातील मैत्रीची आणि पहिल्या प्रेमाची कसोटी लागते, असे आपण म्हणतो. परंतु ही कसोटी केवळ मनाची नसते. त्या त्या काळचे वैद्यक कोणते वर्तन उचित ठरविते, यावरही ती अवलंबून असते. सातारा व सांगली या जिल्ह्यांतील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण पंधराव्या वर्षाच्या सुमारास झपाट्याने वाढते. म्हणजे घराबाहेरचा पहिला जिवलग ज्या वयात लाभतो, नेमके त्याच वयात. १८८२ मध्ये कॉख यांनी या रोगाचा जंतू दाखवून दिला; संसर्गाचे कारण कळले, पण गुणकारी औषध पुढे साठ वर्षे सापडले नाही. बंगळूरनजीकच्या खेड्यांत १९६१ ते १९६८ या काळात झालेल्या पाहणीत, थुंकीत जंतू आढळलेल्या रोग्यांपैकी सुमारे निम्मे पाच वर्षांत दगावल्याचे दिसून आले. त्या खेड्यांत संघटित उपचारयोजना नव्हती.

औषधाच्या अभावी मोकळी हवा, सकस आहार आणि विश्रांती एवढाच उपाय उरे. पाचगणी येथे डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये 'बेल-एअर' हे आरोग्यधाम स्थापिले. पुढे मिरजेजवळ, डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वानलेसवाडीत, दुसरे उभे राहिले. (हा भाग १९४९ मध्ये निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात येई, १९६० मध्ये त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले.) आरोग्यधामाच्या उपचारपद्धतीत मनाची खळबळही वर्ज्य मानली जाई. त्यामुळे मित्राने भेटीस न जाणे आणि प्रेम करणाऱ्याने पत्रावर समाधान मानणे, हा निष्ठुरपणा नसून समंजसपणा ठरे. अंतर हाच तेव्हा स्नेहाचा एक आचार होता.

स्ट्रेप्टोमायसिन (१९४३) व आयसोनियाझिड (१९५२) यांच्या आगमनाने हा पाया हलला. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात १९३ रोग्यांपैकी काहींना आरोग्यधामात व काहींना घरीच ठेवून औषधे देण्यात आली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील गुण जवळजवळ सारखाच होता. इतकेच नव्हे, तर घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांत क्षयाचे प्रमाणही अधिक आढळले नाही. संसर्ग व्हावयाचा तो बहुधा उपचारापूर्वीच झालेला असतो. योग्य औषध चालू असताना रोग्यास दीर्घकाळ दूर ठेवण्याचे वैद्यकीय कारण अशा रीतीने नाहीसे झाले.

सवय मात्र गेली नाही. रक्ताच्या कर्करोगासारख्या, संसर्गाचा प्रश्नच नसलेल्या आजारातही सोबती दूर होतात आणि 'त्याला त्रास नको' असे कारण सांगतात. उपचाराने प्रतिकारशक्ती क्षीण झाली असता रोग्याच्या रक्षणासाठी काही काळ भेटी थांबवाव्या लागतात, हे खरे. पण ते अंतर वैद्याने सांगितलेले व मुदतीचे असते. दुसरे अंतर आपल्याच भयातून येते, त्यास मुदत नसते. आणि ते सोसावे लागते ते थोडेच दिवस हाती असलेल्या मुलास. कुमारवयीन रोग्यांच्या स्नेहसंबंधांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने या दोहोंत प्रथम भेद करावयास हवा. आणि मित्राने भेटीस यावे की नाही, हे त्या रोग्यालाच विचारावयास हवे.