‘त्याच्या डोक्यात असलं काही नाही’ हे कोणी ठरवलं?

मुलगा पंचविशीचा, ऑटिस्टिक, शिकलेला, नोकरी करणारा. त्याच्या लग्नाचा विषय निघाला की घरातलं कोणीतरी म्हणतं, “त्याच्या डोक्यात असलं काही नाही हो, तो आपल्याच जगात असतो.” हे पुष्कळदा त्याच्या देखतच बोललं जातं, आणि याची मला फार चीड येते. त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

जर्मनीत विचारलं गेलं. बौद्धिक अक्षमता नसलेल्या २२९ ऑटिस्टिक प्रौढांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७३ टक्के लोकांना प्रेमसंबंधांचा अनुभव होता. जोडीदाराची इच्छाच नाही, असं सांगणारे होते फक्त ७ टक्के.

मग ही समजूत येते कुठून? चेहऱ्यावरून. तो नजरेला नजर देत नाही, आवाजात चढउतार नसतात, म्हणून आत काही नाही असं लोक धरून चालतात. स्वतःला नेमकं काय वाटतंय हे ओळखून सांगणं काहींना अवघड जातं, हे खरं. याला अलेक्सिथायमिया म्हणतात आणि ती सुमारे निम्म्या ऑटिस्टिक लोकांमध्ये आढळते. पण भावना सांगता न येणं आणि भावना नसणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांचं २०१७ चं संशोधन इथे महत्त्वाचं. ऑटिस्टिक व्यक्तींना काही सेकंद पाहून-ऐकून लोकांनी त्यांच्याबद्दल प्रतिकूल मत बनवलं. त्यांचं तेच बोलणं नुसतं लिहून वाचायला दिलं, तेव्हा ही अढी उरली नाही. आता आपला कांदेपोह्यांचा कार्यक्रम आठवा: अनोळखी घर, दहा जणांच्या नजरा, अर्ध्या तासात निकाल. अशा मुलासाठी याहून वाईट पद्धत शोधूनही सापडणार नाही. आधी महिनाभर दोघांना एकमेकांशी लिहून बोलू द्या, मग भेटवा.

आणि न समजणं एकतर्फी नसतं. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्येच हे मांडलं: ऑटिस्टिक माणूस इतरांना जितका कळत नाही, तितकेच इतरही त्याला कळत नाहीत.

घरोघरी ऐकू येणारी आणखी काही वाक्यंही तपासून पाहायला हवीत. “लग्न लावून दिलं की सुधारेल.” ऑटिझम ही मेंदूची जन्मापासूनची घडण आहे; लग्नानं ती बदलत नाही, आणि निदान लपवून लग्न ठरवणं ही दोघांचीही फसवणूक आहे.

“लैंगिक शिक्षण दिलं तर नको ते सुचेल.” माहिती नसलेल्या मुलाचाच गैरफायदा सहज घेतला जातो.

“असली मुलं मुलींच्या मागे लागतात.” सरसकट असं म्हणणं अन्यायाचं आहे. समजा, एखादी मुलगी म्हणते, “सध्या कामात आहे, नंतर बोलू.” तो ते शब्दशः घेतो आणि चार दिवसांनी पुन्हा विचारतो. तिला होणारा त्रास मात्र खराच असतो, म्हणून हे आधीच शिकवायला हवं: दोन निरोपांना उत्तर आलं नाही, तर तिसरा पाठवायचा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस केंद्रातला ‘पीअर्स’ हा प्रशिक्षणक्रम तरुणांना नेमकं हेच पायरीपायरीनं शिकवतो: कसं विचारायचं, आणि नकार आला तर तिथेच कसं थांबायचं.