'भीमायन' : चौकटी मोडणारी चित्रकथा

बाबासाहेबांचे चरित्र आपण नेहमी सरळ रेषेत सांगतो : महू, सातारा, कोलंबिया, महाड, नागपूर. १४ एप्रिलच्या फलकांवरही हाच क्रम असतो. त्यामुळे नकळत वाटू लागते, की हे सारे घडून गेले, संपले. नवयान प्रकाशनाने २०११ मध्ये काढलेली 'भीमायन' ही चित्रकादंबरी नेमका हाच समज मोडते. श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांनी लिहिलेल्या या पुस्तकाला बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींचा आधार आहे.

कथा सुरू होते आजच्या एका बसथांब्यावर. एक तरुण आरक्षणावर चिडलेला असतो. तिथली एक स्त्री त्याला बाबासाहेबांचे अनुभव सांगू लागते. मग आपण १९०१ च्या मसूर स्थानकावर पोहोचतो. लहानग्या भीमाची जात कळताच बैलगाडीवाले त्याला न्यायला नकार देतात. मध्येच अलीकडच्या अत्याचारांच्या बातम्या येतात. काल आणि आज एकाच पानावर समोरासमोर उभे राहतात.

मांडणीही सनावळीची नाही. पाणी, निवारा आणि प्रवास, म्हणजे जे जे नाकारले गेले, त्यानुसार पुस्तकाचे भाग पडतात. महाडचा १९२७ चा सत्याग्रह 'पाणी'मध्ये येतो, बडोद्यातून बेघर होणे 'निवारा'मध्ये.

चित्रे परधान गोंड कलावंत दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची. माणसांना चौकटीत कोंडणे त्यांना मान्य नव्हते. म्हणून पाने 'डिगणा' या पारंपरिक नक्षीने मोकळी विभागली आहेत. प्रेमाचे बोल पक्ष्याच्या आकारात येतात, तर जातीचे विखारी बोल विंचवाच्या नांगीसह. कोण डंख मारतो आहे, हे अक्षर न वाचताही कळते.

नवीन पनवेलमधल्या आमच्या वाचनगटात 'निवारा' वाचून झाल्यावर कोणी १९१७ बद्दल बोललेच नाही. भाड्याची खोली बघताना आधी आडनाव कसे विचारले गेले, हेच मुले सांगत राहिली. काळाचा क्रम मोडल्याने हेच साधते : वाचक स्वतःची गोष्ट त्यात जोडतो.

मित्रांनो, येत्या जयंतीला फलक सनावळीने न लावता पाणी, घर, शिक्षण, नोकरी अशा विषयांनी लावून पाहा. प्रत्येक विषयात बाबासाहेबांच्या अनुभवाशेजारी आपल्या वस्तीतला एक अनुभव चितारा. चित्रकला येत नसली तरी चालेल. सांगायचे धाडस हवे. महाड आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि प्रश्नही अजून आपल्याच दारात आहे.

जयभीम!