गावाचे नाव आणि तारकेचे चिन्ह

सीमाभागातील जुन्या कागदांच्या प्रती संगणकात साठविताना फायलीस गावाचे नाव देणे स्वाभाविक होय. पण ते नाव कोणते? १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांपूर्वीचे ‘बेळगांव’, अनुच्चारित अनुस्वार वगळलेले ‘बेळगाव’, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून शासनमान्य झालेले ‘बेळगावी’! एकाच रूपाने शोध घेणाऱ्यास इतर रूपांखालचे कागद अस्तित्वातच नाहीत असे वाटते. ज्या प्रदेशाचा वाद १९५६ पासून नोंदी व पुरावे यांच्या आधारे मांडला जात आहे, तेथे ही उणीव क्षुल्लक म्हणता येत नाही.

उपाय जुनाच आहे. १९७१ च्या युनिक्स प्रणालीपासून नावांचे साचे प्रचारात असून, पायथन या संगणकभाषेच्या ‘एफएनमॅच’ या विभागातही तेच आढळतात. तारका म्हणजे कितीही चिन्हे, एकही नसले तरी चालेल. प्रश्नचिन्ह म्हणजे नेमके एक. संपूर्ण नाव साच्यात बसले पाहिजे. ‘बेळगा*व*’मध्ये वरील तिन्ही रूपे बसतात. ‘बेळगा?व’ लिहिल्यास मात्र केवळ सानुस्वार रूप हाती लागते. कारण यंत्र अनुस्वारासही स्वतंत्र चिन्ह समजते.

निपाणीची गंमत निराळीच. कानडी वळणाच्या ‘निप्पाणी’तील जादा अर्धा प आपल्या लेखी एक, तर यंत्राच्या लेखी प आणि हलन्त अशी दोन चिन्हे. म्हणून ‘नि?पाणी’ निष्फळ, ‘नि??पाणी’ सफल. आम्हांस ‘नि*पाणी’ हा उदार साचाच अधिक पसंत आहे. त्यात दोन्ही रूपे येतात. ‘निळेपाणी’ नावाची एखादी फाईल असल्यास तीही येईल, आणि ती निवडून बाजूला ठेवण्याचे काम अर्थात वाचणाऱ्याचे.