डॉटच्या पुढे काय लिहायचं?

अमरावती-अकोल्याकडच्या जिनिंगांत, वजनकाट्यांवर, अडत दुकानांत एकाच संगणकावर इंटरनेटशिवाय चालणारी सॉफ्टवेअरं अजून भेटतात. गावातल्याच कुणी फॉक्सप्रोत किंवा ॲक्सेसमध्ये बांधून दिलेली. 'चालते ना भाऊ', म्हणून कुणी हात लावत नाही. असं सॉफ्टवेअर ग्राहकाला देताना डेटा-फाइलला एक्स्टेंशन कोणतं द्यावं, यावर मात्र ठाम मतं ऐकू येतात.

गैरसमज: एक्स्टेंशन बदललं की डेटा सुरक्षित.
गठाणीवर मार्का कोणाचाही रंगवा, आतली रुई तीच. डॉट एमडीबी फाइलचं डॉट डॅट करा आणि नोटपॅडमध्ये उघडा. अगम्य अक्षरांच्या सुरुवातीलाच 'स्टँडर्ड जेट डीबी' हे शब्द इंग्रजीत स्वच्छ दिसतात. एसक्यूलाइटची फाइलही पहिल्या १६ बाइट्समध्येच आपली ओळख सांगून टाकते. जाणकाराला एवढं पुरतं. कुलूप हवं असेल तर पासवर्ड आणि एन्क्रिप्शन लागतं.

गैरसमज: मग एक्स्टेंशनला काही अर्थच नाही.
हेही खरं नाही. डबल-क्लिक केल्यावर कोणता प्रोग्राम उघडायचा, हे विंडोज त्यावरूनच ठरवतं. ॲक्सेसमध्ये तर गंमतच आहे. डॉट एसीसीडीबीचं नुसतं डॉट एसीसीडीआर केलं, की तीच फाइल रनटाइम पद्धतीनं उघडते आणि डिझाइनची दारं बंद होतात. नाव परत बदललं की दारं उघडी! डॉट एसीसीडीई मात्र नाव बदलून होत नाही. ती ॲक्सेसकडून बनवूनच घ्यावी लागते आणि तिच्यातून व्हीबीएचा मूळ कोड काढलेला असतो. ग्राहकाला द्यायची ती ही, आणि मूळ प्रत आपल्याकडे जपायची.

गैरसमज: तीनच अक्षरं चालतात, आणि तीही कुठेतरी नोंदवावी लागतात.
तीन अक्षरांचं बंधन डॉसच्या काळातलं. अक्षरंच हवीत असंही नाही: टॅली ईआरपी ९ च्या डेटा-फोल्डरमध्ये डॉट ९०० फाइली असतातच. नोंदणी करणारी मध्यवर्ती कचेरी नाही, आणि खरी अडचण तीच आहे. काट्याच्या आणि अडतीच्या सॉफ्टवेअरनं एकच एक्स्टेंशन घेतलं, तर डबल-क्लिकवर भलताच प्रोग्राम उघडू शकतो. फाइलमेकरमध्ये स्वतंत्र ॲप्लिकेशन बांधताना एक्स्टेंशन विचारलं जायचं; कंटाळा करून तिथलं आयतं 'यूएसआर' तसंच ठेवलं, की हाच घोळ. डॉट डीबी, डॉट डॅट ही तर सगळ्यांनी वापरून झालेली नावं. आपलं वेगळं, चार-पाच अक्षरी निवडावं.

गैरसमज: बॅकअप म्हणजे सॉफ्टवेअरच्या नावाची फाइल पेनड्राइव्हवर घेणं.
विंडोज ओळखीची एक्स्टेंशनं मुळातच लपवून ठेवतं. त्यामुळे एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात आणि ऑपरेटर नेमका प्रोग्राम उचलतो, डेटा तिथंच राहतो. पॅकेज देतानाच एक्स्टेंशन दाखवण्याची सोय चालू करून द्यावी. फॉक्सप्रो असेल तर आणखी एक: टेबलात मेमो फील्ड असलं, तर डॉट डीबीएफसोबत त्याच नावाची डॉट एफपीटीही घ्यावी लागते. ती मागं राहिली तर टेबल उघडतच नाही.