ड्रोनच्या मोटारींची कमाल गतिमर्यादा : एक विवेचन
पंखा न लावता मोटारीचा वेग हा तिचा केव्ही अंक व बॅटरीचा विद्युतदाब यांच्या गुणाकाराइतका असतो. चार सेलसाठी निवडलेली २४०० केव्हीची मोटार १६.८ व्होल्टवर मिनिटाला सुमारे ४०,००० फेरे घेते. सहा सेलच्या २५.२ व्होल्टवर हा आकडा ६०,००० च्या पुढे जातो आणि मोटार जळण्याचा धोका संभवतो. अशा वेळी बीटाफ्लाइट या उड्डाण-नियंत्रक प्रणालीत 'मोटार आउटपुट लिमिट' ६६ टक्के ठेवावी लागते. केवळ थ्रॉटलची मर्यादा पुरत नाही. ती चालकाचा हात आवरते. परंतु तोल सावरताना प्रणाली स्वतःच एखाद्या मोटारीस पूर्ण शक्ती देऊ शकते. नवशिक्यांच्या नजरेतून नेमका हाच भेद निसटतो. तथापि मर्यादा घातल्यानंतरही 'ईएससी' या वेगनियंत्रकावर दाब २५.२ व्होल्टचाच राहतो. म्हणून तो सहा सेल पेलणाराच असावा.