पांढरें मांजर आणि दुपारचें ऊन

हिंवाळ्याच्या दिवसांत सकाळीं ओटीवर किंवा गच्चीच्या कठड्यावर पाय ताणून पडलेलें मांजर पाहिलें, म्हणजे सुख म्हणतात तें हेंच असें कोणासही वाटेल. उन्हाची ही ओढ मांजराच्या जातीला उपजतच आहे. पाळीव मांजराचा वंश पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथील रानमांजरापासून निघाला. त्या कोरड्या मुलखांतील पूर्वजाच्या अंगावर मातकट रंगाचे केस होते. पुढें माणसाच्या सहवासांत शुभ्र मांजरें निपजलीं व लोकांनीं तीं हौसेनें जोपासलीं. अंगाचा रंग पालटला, पण उन्हाची आवड मात्र पूर्वजाचीच राहिली. आणि पांढऱ्या मांजराच्या एका गंभीर दुखण्याचें मूळ या विसंगतींत आहे.

सूर्याच्या प्रकाशांत डोळ्यांस दिसणाऱ्या किरणांखेरीज न दिसणारे असेही किरण असतात. त्यांना अल्ट्राव्हायोलेट किंवा नीलातीत किरण म्हणतात. त्यांतील कांहीं किरण त्वचेच्या पेशींत शिरून, पेशीचे आनुवंशिक गुण ज्या द्रव्यांत साठविलेले असतात त्या द्रव्यालाच इजा करतात. निरोगी पेशी ही इजा दुरुस्त करूं शकते. परंतु रोजची इजा वर्षानुवर्षें होत राहिली, म्हणजे दुरुस्तींत चुका राहतात आणि त्या सांचत जातात. हा मारा अडविण्यासाठीं निसर्गानें त्वचेंत मेलॅनिन नांवाचें काळसर रंगद्रव्य ठेवलें आहे. सर्वांगानें पांढऱ्या असलेल्या मांजरांत बहुधा असें होतें कीं, हें द्रव्य बनविणाऱ्या पेशी गर्भावस्थेंतच त्वचेपर्यंत नीट पोंचत नाहींत. त्याच पेशींची उणीव आंतल्या कानांतही भासते; म्हणून पांढऱ्या, विशेषतः निळ्या डोळ्यांच्या, मांजरांत बहिरेपणा पुष्कळ आढळतो. डार्विननें ही गोष्ट १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केली आहे.

पाठीवर आणि पोटावर दाट केस असतात व ते छत्रीचें काम करतात. कानांचे कांठ, कान व डोळा यांमधील विरळ केसांची जागा, पापण्या आणि नाकाचा शेंडा हे भाग मात्र उघडे पडतात. म्हणून धोका ठरवितांना सगळ्या अंगाचा रंग न पाहतां या चार जागांचा रंग पाहावा. काळ्या अंगाच्या मांजराचे कान व नाक पांढरें असेल, तर त्यालाही तेंच भय आहे. उलट सयामी मांजराचें अंग फिकट असलें, तरी कान व नाक गडद असतें. त्याच्या शरीरांत रंग बनविण्याची क्रिया थंड भागांतच नीट चालते, आणि कान व नाक हे अंगाच्या मानानें थंड असतात. त्यामुळें जेथें संरक्षणाची खरी गरज, नेमका तेथेंच त्याला रंग लाभलेला आहे.

हें दुखणें फार सावकाश येतें. प्रथम कानाचे कांठ गुलाबी दिसूं लागतात व तेथील केस विरळ होतात. पुढें कोंडा सुटतो, खपल्या धरतात, कानाची कड किंचित् आंत वळते. पावसाळ्यांत व थंडींत थोडा उतार पडतो आणि उन्हाळ्यांत पुन्हां तेंच सुरू होतें. अशीं कांहीं वर्षें गेल्यावर एखादी खपली निघते, खालीं जखम राहते आणि ती भरून येत नाहीं. या जखमेंत पुष्कळदां त्वचेचा कर्करोग असतो. १९७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियांतील एका पाहणींत, पांढऱ्या मांजरांना या रोगाचा धोका इतर रंगांच्या मांजरांहून सुमारें १३ पट असल्याचें दिसून आलें.

घरांतील माणसांची फसगत होते ती येथेंच. बोका भांडून आला असेल, खरजेचा किडा लागला असेल, असें समजून हळद व खोबरेल लावलें जातें आणि महिने निघून जातात. खरूजही कानाच्या कडेपासूनच सुरू होते, हें खरें. म्हणूनच निदान पशुवैद्याकडून करवून घ्यावें. ओरखडा थोड्या दिवसांत भरून येतो. दोन-तीन आठवड्यांत जी जखम भरली नाहीं, ती ओरखडा समजूं नये. कार्बोलिक घातलेलीं औषधें तर मांजराला कधींच लावूं नयेत. तीं त्याला विषारी होतात.

मुंबई व पुणें येथें मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हां जुलैच्या अखेरीस मध्यान्हींचा सूर्य अगदीं डोक्यावर येतो. ढग असले, तरी नीलातीत किरणांचा बराच अंश त्यांतून खालीं उतरतो. तेव्हां उपाय वर्षभर चालविला पाहिजे, आणि तो साधा आहे. सकाळीं दहापासून दुपारीं चारपर्यंत मांजराला घरांत ठेवावें. त्याची बसण्याची आवडती जागा कोणती, तेथें ऊन केव्हां येतें, हें एक दिवस पाहून ठेवावें व त्या वेळीं तेथें पडदा किंवा चीक सोडावी. मिटलेल्या खिडकीची कांच अधिक घातक किरण बहुतांशीं अडविते, पण सर्व अडवीत नाहीं. आणि आपल्याकडील खिडक्या बहुधा उघड्याच असतात. उघड्या खिडकींत बसलेलें मांजर उन्हांतच बसलेलें आहे असें समजावें. उबेसाठीं सावलींत घोंगडीची घडी अंथरून दिली, तर तें तेथें आनंदानें निजतें. बहिऱ्या मांजराला रस्त्यावरील मोटारीची चाहूल लागत नाहीं, म्हणून त्याला घरांत ठेवण्यांत दुहेरी हित आहे.

सावलींत ठेवल्यानें मांजर अशक्त होईल अशी शंका पुष्कळांना येते. माणसाच्या त्वचेंत उन्हानें ड जीवनसत्त्व तयार होतें, हें त्या शंकेचें कारण. परंतु मांजराच्या त्वचेंत ही क्रिया पुरेशी होत नाहीं. त्याला तें जीवनसत्त्व मांस-मासळीच्या अन्नांतूनच मिळवावें लागतें. अर्थात् दुपारचें ऊन चुकल्यानें त्याचें कांहींही नुकसान होत नाहीं.

माणसांसाठीं निघालेलीं ऊन-प्रतिबंधक मलमें मांजराला लावणें धोक्याचें आहे. मांजर अंग चाटतें, आणि लावलेलें सर्व पोटांत जातें. अशा मलमांत झिंक ऑक्साइड असल्यास त्यापासून रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश होऊं शकतो. कांहींत अ‍ॅस्पिरिनच्या जातीचीं सॅलिसिलेटें असतात. त्यांचा निचरा करण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फार थोडी असते. मलम लावावयाचेंच असेल, तर तें मांजराला निर्धोक आहे अशी पशुवैद्याकडून खात्री करून घ्यावी.

रोग कानावर लौकर ओळखला गेला, तर कानाचा बाहेरील बिघडलेला भाग शस्त्रक्रियेनें काढून टाकतात. हा रोग सहसा उशिरां इतरत्र पसरतो, म्हणून अशीं मांजरें पुढें कित्येक वर्षें सुखानें जगतात. ऐकण्याचें मुख्य इंद्रिय आंत असल्यामुळें श्रवणही नाहींसें होत नाहीं. नाकावर व पापणीवर मात्र कापण्यास जागा थोडी; तेथें गोठविण्याचा किंवा किरणोपचाराचा आधार घ्यावा लागतो, आणि उशीर झाल्यास यश कठीण होतें.

म्हणून ज्या घरीं पांढरें मांजर आहे, तेथें महिन्यांतून एकदां त्याला मांडीवर घेऊन कानांचे कांठ, पापण्या व नाक उजेडांत न्याहाळावें. गुलाबी कड किंवा चिवट खपली दिसली, तर त्याच आठवड्यांत पशुवैद्याला दाखवावी. सकाळचें कोंवळें ऊन त्याला खुशाल घेऊं द्यावें. दुपारचें मात्र देऊं नये.